रात्रीच्या चित्रांखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तरी नीट सांगता येईल का — माहीत नाही.

सांगलीत माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. तिथे सलीम कामाला होता. कामाला कसला — मित्रच. दिवसभर पाट्या लिहायचा आणि रात्री, उरलेल्या ऑइलपेंटने, टाकाऊ पत्र्यांवर शहर काढायचा. घरी जागा नव्हती, म्हणून दुकानातच. हंगामातला साखर कारखाना, दिव्यांनी खालून पिवळा झालेला चिमणीचा धूर. एमआयडीसीच्या रस्त्यावर नदीकडून आलेलं धुकं, त्यात पाळी सुटलेल्यांच्या सायकली.

‘झोपतोस कवा रं?’

‘दुपारी. तुज्या पगारावर.’

आमच्या धंद्यात एक रीत — हात कुणाचाही असो, कोपऱ्यात नाव मालकाचं. साताऱ्याच्या एका प्रदर्शनात ती चित्रं न्यायचं ठरलं, तेव्हा पहिल्यावर मी सवयीने नाव टाकलं. खरंच सवयीने. पण दुसऱ्यावर? शेवटच्यावर?

सलीमने पाहिलं, हसला. ‘काय गड्या, रात्र बी तुज्याच नावावर?’

मीही हसलो. रंग ओला होता — चिंधीने पुसला गेला असता.

साताऱ्यात लोकांनी माझे हात हातात घेतले. तो मागे सुतळी सोडवत बसला होता. त्यानंतर त्याने एकही चित्र काढलं नाही. का, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का? पुढे फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. तो एका फाउंड्रीत रंगकामाला लागला. गेल्या वर्षी वारला.

इथवरच असतं तर कदाचित गप्पच राहिलो असतो.

त्याचा चाळिसावा झाल्यावर त्याची बायको, भाभी, माझ्या घरी आल्या, मुलीला घेऊन. ‘दादा, ते रात्रीचं थांबून कायतरी काढायचे म्हणं. त्यांच्या हातचं एखादं हाय का? पोरीला पायजे.’

माझ्या पाठीमागची भिंत त्याच चित्रांनी भरलेली होती.

‘न्हाई, भाभी,’ मी म्हणालो.

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. ‘हे तर आमच्या गच्चीवरनं दिसतंय तसंच हाय.’ मुलीने जवळ जाऊन खालचं नाव वाचलं — माझं. भाभी म्हणाल्या, ‘लय झ्याक काढलंय तुमी.’

आणि मी — मी ‘थँक्यू’ म्हणालो.

ती सगळी चित्रं सलीमची आहेत. ती त्याच्या मुलीला द्यायची आहेत, आणि देताना हे तिच्या तोंडावर सांगायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.