मर्ल सगळ्यांच्या मागून यायचा

मर्ल स्टॅडलमन एकतीस वर्षं आमच्या कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या मक्याला पाणी कधी आणि कुणाच्या लसूणघासाला किती, हे तो ठरवायचा आणि त्याबद्दल दोन्ही काठांच्या शिव्या खायचा. शिव्या खाऊन माणूस एक तर खंगतो नाही तर पसरतो. मर्ल पसरला. एकेचाळिसाव्या वर्षी तो पट्ट्याला नवं भोक पाडत बसला होता, तेव्हा त्याची बायको नॅडीन म्हणाली, "आता पट्टा संपला, मर्ल. यापुढचं भोक हवेत पाड."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेजाऱ्याच्या गॅरेजमधून डोंगरात चालवायची एक जुनी पोलादी सायकल उचलून आणली. आमच्या फ्रूटा गावात राहून सायकल न चालवणं म्हणजे समुद्रकाठी राहून मासे न खाणं. आमच्याकडे उत्तरेला करडे कडे, दक्षिणेला नदीपलीकडे तांबडे खडक आणि दोन्हींच्या अंगाखांद्यावरून वीतभर रुंदीच्या वाटा. जगभरातून लोक इथे हाडं मोडून घ्यायला येतात. मर्लला फक्त कालवा ओलांडायचा होता. सहा महिन्यांत पोट आत गेलं आणि वर्षभरात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे गेला.

दर गुरुवारी संध्याकाळी आमची टोळी निघायची. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी आहे ना, तिथे साडेपाचला जमायचं, एवढाच कायदा. आणि सामानाबद्दल भांडायचं, हा धर्म. टायरमध्ये ट्यूब असावी की नुसता भोक बुजवणारा चीक ओतावा, यावरून आमच्यात दोन मैत्र्या तुटल्या आणि एक लग्न लांबलं. मी स्वतः एकदा एकशे ऐंशी डॉलर मोजून हँडलचा कार्बनचा दांडा घेतला. का, तर हातातल्या दांड्याचं वजन एकशे दहा ग्रॅमनं घटतं. मर्लनं तो हातात तोलला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आज सकाळी पोट साफ झालं होतं का रे?"

"का?"

"एवढं वजन फुकटात उतरलं असतं."

त्याची सायकल मात्र तीच राहिली. पोलादी, दोन्ही चाकं आताच्या मानानं पोरकट आकाराची, पुढच्या दांडीवर कालव्याच्या खात्याचा चिकटवलेला नंबर. सात हजार डॉलरच्या सायकलींना ती चढावर मागे टाकायची आणि वर पोचून मर्ल शेंगदाणे खात आमची वाट पाहायचा. "या, या. वजन हलकं असल्यामुळे वारा मागे ढकलत असेल तुम्हाला."

आमच्या वाटांवर आणखी एक रीत आहे. कुणी सायकल उलटी करून बसलेला दिसला की प्रत्येकानं थांबून विचारायचं, "सगळं आहे ना?" म्हणजे पंप, चिकटपट्टी, साखळीचा दुवा, पाणी. आणि त्यानं म्हणायचं, "सगळं आहे." तो असंच म्हणतो. खांद्याचं हाड कातडीखाली तंबूच्या खांबासारखं उभं राहिलेला माणूस मी "सगळं आहे, जा तुम्ही" म्हणताना ऐकलाय. विचारणं ही सभ्यता आणि काही न मागणं ही इभ्रत. तीन हजार डॉलरचं सामान अंगावर वागवणारा माणूस दुसऱ्याकडे पंप मागायला लागला, तर त्यानं सायकल विकून मासेमारी करावी, असं आम्ही मानतो.

तर हा मर्ल बासष्ट वर्षांचा असताना एका सोमवारी कोठारात लाकडं रचताना खाली बसला. ग्रँड जंक्शनला नेलं, हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टरीणबाई चांगली होती. ती म्हणाली, "सायकल चालवा. फक्त एकट्यानं कधी जायचं नाही." नॅडीननं तिथल्या तिथे त्याच्याकडून शब्द घेतला आणि घरी येऊन तो शब्द फ्रिजवर चिकटवला. एकटा जाणार नाही. खाली सही, एम. स्टॅडलमन.

त्यानं शब्द पाळला. पुढच्या गुरुवारी जाळीपाशी आला तो घोषणा करतच. "आजपासून मी शेवटी. वीस वर्षं तुमची तोंडं वळून वळून पाहिली, आता ढुंगणं पाहतो. बदल हवा माणसाला."

सगळ्यांच्या मागून येणाऱ्याला आमच्याकडे स्वीप म्हणतात. पडलेला उचलायचा, पंक्चर काढायचं, रडणाऱ्याला शेंगदाणे द्यायचे आणि एकालाही मागे न ठेवता शेवटी यायचं. हे काम कुणाला नको असतं, त्यामुळे आम्ही टाळ्या वाजवल्या. मर्ल काय मोठ्या मनाचा माणूस आहे, असं एकमेकांना सांगितलं.

खरं काय ते मला वर्षभरानं कळलं, तेही चुकून. टपाल्याची चढण म्हणतात त्या लांब चढावर माझा चष्मा पडला म्हणून मी उलटा खाली आलो. वळणावर मर्ल सायकल हातात धरून चालत होता. चालत म्हणजे दहा पावलं टाकायची, थांबायचं, सीटवर कपाळ टेकायचं, पुन्हा दहा पावलं. मला पाहिल्यावर त्यानं वाकून साखळीला हात लावला.

"साखळी सरकतेय."

"मर्ल, साखळी जागेवर आहे."

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "मधे राहिलो तर मागचे खोळंबतात, मग बघतात. पुढे तर जमतच नाही. शेवटी असलं की कुणाला काही दिसत नाही बघ."

"छातीत दुखतं?"

"चढावर. थांबलं की थांबतं."

"नॅडीनला माहीत आहे?"

"नॅडीनला वाटतं मी मधे असतो." आणि माझा दंड धरला. पाटाची लोखंडी दारं उचलून उचलून त्याची पकड सांडशीसारखी झाली होती. "तिला कळलं तर सायकल त्याच दिवशी अंगणात विकायला लागेल. बोलू नकोस. माझ्याकडे दुसरं काय आहे रे? टीव्ही?"

"डॉक्टरनं एकट्यानं जाऊ नको म्हटलंय ना?"

"एकटा कुठे जातो? बारा जणांबरोबर जातो."

मी हसलो. हे मला खोडून काढता आलं असतं. बारा जण पुढे गेल्यावर शेवटच्याच्या मागे कोण असतं, हा हिशेब पोरालाही जमेल. पण मर्लनं मला वीस वर्षं वरून शेंगदाणे खात हिणवलं होतं, आणि आता तो पहिल्यांदा माझ्याकडे काही मागत होता. मी शब्द दिला. वर, मोठेपणानं, त्याच्याबरोबर दहा पावलं चाललोही.

मग आमचा गुरुवार मोठा झाला. पंचवीस झाले, चाळीस झाले, आणि सरकारी जमिनीच्या खात्याचं पत्र आलं की इतके लोक नेणार तर परवाना काढा, विमा काढा. आमच्यातल्या कुणी आयुष्यात घराशिवाय कशाचा विमा काढला नव्हता. ही अडचण ट्रेंट हॅसलरनं सोडवली. ट्रेंट डेन्व्हरहून आलेला तिशीतला पोरगा, दात पांढरे, स्वभाव गोड, 'हाय मेसा राइड्स' नावाची त्याची कंपनी. शनिवारची सफर माणशी एकशे पासष्ट डॉलर. त्यात वाटाड्या, हिरव्या मिरचीचा बरीटो, शेवटी थंड बियर आणि तुमचा एक फोटो, ज्यात तुम्ही आहात त्यापेक्षा शूर दिसता. स्थानिकांना निम्मा दर. ज्या वाटा आम्ही स्वतः कुदळीनं खणल्या, त्यांवर जायला आम्ही निम्मे पैसे देऊ लागलो आणि सूट मिळाली म्हणून खूशही झालो.

मर्लला पैसे पडत नव्हते. ट्रेंट म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वीप करा, बरीटो आणि बियर माझ्याकडून." मर्लला एवढंच हवं होतं. बियर तो मला द्यायचा.

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. आम्ही चौदा जण, पुढे ट्रेंट, मागे मर्ल. ट्रेंटच्या फोनमध्ये चौदा नावं. टपाल्याची चढण, मग माथ्यावरचं पठार, मग तीन मैल उतार आणि जाळी. आम्ही माथ्यावर बरीटो खात असताना मर्ल सगळ्यांच्या नंतर पंचवीस मिनिटांनी आला. त्याच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "इथून गाडीच्या रस्त्यानं परत जा. मी येतो बरोबर."

"आणि यांच्या मागे कोण?"

"यांच्या मागे कुणी नसलं तरी चालतं, हे सगळे विमावाले आहेत."

तो हसला. "उतारच राहिलाय. उताराला हृदय लागत नाही, ब्रेक लागतात."

मी पुढे निघालो. उताराची मजा मागे राहून येत नाही.

सव्वादोनपर्यंत आम्ही जाळीपाशी येत गेलो. ट्रेंट एकेका नावापुढे खूण करत होता. सगळ्यात शेवटी ओहायोची एक दातांची डॉक्टर आली, हसत, ढोपर फुटलेली. ट्रेंट म्हणाला, "चौदापैकी चौदा! सगळे सुखरूप!" आणि बर्फाची पेटी उघडली. टाळ्या झाल्या.

"आणि मर्ल?" कुणीतरी विचारलं.

दातांची डॉक्टर म्हणाली, "त्यांची साखळी सरकत होती. मला म्हणाले, तू हो पुढे."

ट्रेंटनं माझ्याकडे पाहिलं. मी गावचा, मर्लचा दोस्त, मला माहीत असणार. मर्ल कधी कधी खालच्या फाट्यावरून कालव्याच्या रस्त्यानं परस्पर घरी जायचा, हे खरं होतं. साखळी हा शब्द ऐकला तेव्हा मला चढणीवरचा मर्ल आठवला, हेही खरं. पण चौदा माणसं बियर हातात घेऊन उभी होती, मी शब्द दिलेला होता, आणि वर जायचं म्हणजे पुन्हा तीन मैल चढ. मी म्हणालो, "घरी गेला असेल कालव्यावरून."

माझ्या वाट्याची एक आणि मर्लच्या वाट्याची एक, अशा दोन बियर मी प्यायलो. मग आम्ही पिझ्झा खायला गेलो.

पावणेसहाला नॅडीनचा फोन आला. "म्हाताऱ्याला सोडा आता. ओव्हनमधली टर्की वाळून चामडं झाली."

मी गाडी जाळीपाशी आणली तेव्हा दिवस कड्यांमागे गेला होता. दोन मुली आपल्या सायकली गाडीवर बांधत होत्या. मी विचारलं, एक म्हातारा दिसला का, पोलादी सायकल?

"हो, हो! ते आजोबा ना?" एक म्हणाली. "उताराच्या पहिल्या वळणाशी, झाडाखाली बसलेले. सायकल उलटी करून. आम्ही विचारलं, सगळं आहे ना? म्हणाले, सगळं आहे, पोरींनो."

"किती वाजता?"

"दोन वाजले असतील. मग आम्ही पलीकडून लांबची फेरी मारून आलो. आम्हाला शेंगदाणे देत होते. घामानं भिजलेले, पण काय हो, गरम होतंच की." तिनं माझा चेहरा पाहिला. "का? नव्हतं का सगळं?"

त्यांच्या दोघींकडे फोन होते. त्या वळणावर फोन लागतो. गावातून रुग्णवाहिका तिथल्या गाडीरस्त्यावर यायला वीस मिनिटं लागतात. हे सगळं मी चढताना स्वतःला सांगत होतो, कारण दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

तो जुनिपर झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला होता. शिरस्त्राण काढून शेजारी ठेवलेलं. सायकल उलटी, चाकं आभाळाकडे, अवजारांची पिशवी उघडी, साखळीचा एक सुटा दुवा बोटांत. साखळी धड होती. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहावं म्हणून त्यानं सगळं नीट मांडलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, साडेतीनपर्यंत तरी जीव होता. म्हणजे मी दुसरी बियर प्यायलो त्यानंतर तासभर.

ट्रेंट अंत्यविधीला आला तेव्हा असा रडला की नॅडीननंच त्याला खुर्ची दिली. पुढे त्याच्या विमा कंपनीचं पत्र आलं. मर्ल स्टॅडलमन हे त्या दिवशीच्या सफरीत सहभागी नव्हते, असं त्यात लिहिलं होतं. यादीत नाव नाही, पैसे भरल्याची नोंद नाही, नोकर म्हणून करार नाही. नॅडीननं पत्र दोनदा वाचलं. "मग गेला कुठे होता?" ती म्हणाली.

वसंतात टोळीनं मर्लच्या नावानं एक सफर काढली. साठ माणसं आली. कोण शेवटी राहणार यावरून जाळीपाशी पाऊण तास गेला. मी तिथून निघालो आणि नॅडीनकडे गेलो.

ती अंगणात होती. पाटाला पाणी सुटलं होतं आणि ती फावड्यानं चर मोकळा करत होती. मी फावडं मागितलं, तिनं दिलं नाही.

"एक विचारते," ती म्हणाली. "साखळीचं ऐकल्यावर तुला काही वाटलं नाही? त्याची साखळी कधी सरकली नव्हती. दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात धुवायचा तो ती."

मी सांगितलं. चष्मा पडला त्या दिवसापासून सगळं. दहा पावलं, सीटवर टेकलेलं कपाळ, दिलेला शब्द. पाणी चरातून पुढे गेलं तशी ती त्याच्याबरोबर सरकत राहिली.

"दोन वर्षं?"

"हो. दोन वर्षं."

"त्यानं तुला शब्द दिला नव्हता, मला दिला होता. मला सांगितलं असतंस तर मी सायकल विकली असती. तो चिडला असता. वर्षभर बोलला नसता माझ्याशी. टीव्हीसमोर बसून शिव्या दिल्या असत्या." ती थांबली. "दे म्हटलं असतं. मी ऐकल्या असत्या."

"नॅडीन, मला माफ..."

"नको." तिनं फावडं चिखलात रोवलं. "त्या पोरींना मी माफ केलंय. लहान आहेत, त्यांनी विचारलं तरी. ट्रेंटला केलंय, त्याला अक्कल नाही. मर्लला तर केव्हाच. पण एवढं सगळं होऊन कुणावरच राग धरायचा नाही, हे मला जमत नाही रे. एक माणूस लागतो."

तिनं पुन्हा फावडं उचललं.

त्याला आता चार वर्षं झाली. नॅडीन दुकानात समोरून आली की दुसऱ्या रांगेत वळते. मी वाट सोडून उभा राहतो.