बेल वाजली की कडेवर

बाइंडरणीच्या कामाच्या खोलीत लहान मुलाने हात लावू नये अशा वस्तू मोजायला बसलं असतं, तर भिंती आणि छत सोडून बाकी सगळं त्यात आलं असतं. दाभण, दोन मोठ्या कात्र्या, पुठ्ठा कापायचं लांब पात्याचं यंत्र, खळीचं पातेलं, आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, ज्याच्या दांड्याने एकदा तिच्या स्वतःच्याच कपाळावर टेंगूळ आणलं होतं. पहिल्या मजल्यावरची ही एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि झोपण्यापुरती जागा. पुस्तकबांधणी ती बापाकडून शिकली होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून सहा-सात दिवस घरी असायचा. म्हणजे ती, तिचं काम आणि तिची पोर दिवसभर एकाच खोलीत.

पोरीचं नाव कागदोपत्री काय असेल ते असो, घरात ती ठकू. नवव्या महिन्यात रांगायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने कोणाच्या तरी प्रबंधातलं आभाराचं पान खाल्लं. दुसऱ्या आठवड्यात ती टेबलाखालून बाहेर आली ती मुठीत दाभण धरून, हसत. त्याच दिवशी नवऱ्याला फोन गेला, आणि पुढच्या खेपेला तो घडी होणारा एक लाकडी कठडा घेऊन आला. चारी बाजूंनी गज, आत मावेल एवढी गादी. दुकानदार त्याला प्लेपेन म्हणत होता. घरात कठडाच म्हणायला लागले. ठकूची काही तक्रार नव्हती. दोऱ्याची रिकामी रिळं, एक चमचा आणि एक पत्र्याची डबी एवढ्यावर ती तास-दोन तास रमायची. बाइंडरणीच्या हातून काम भराभर उरकायला लागलं.

मग एक दिवस हेडमास्तर आले. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण हेडमास्तरपण काही अंगावरून उतरलं नव्हतं. जुनी मासिकं वर्षावार बांधून घ्यायची त्यांना हौस. त्यांनी कठड्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "काय गं, हिने गुन्हा काय केलाय?" स्वतःच हसले, ठकूला काठीचं टोक नाचवून दाखवलं, मासिकं ठेवली आणि गेले. माणूस वाईट नव्हता. जिना उतरेपर्यंत आपण काय बोललो हे विसरलाही असेल.

बाइंडरीण विसरली नाही, कारण तिला स्वतःबद्दल एक गोष्ट ठाऊक होती जी आणखी कोणालाच ठाऊक नव्हती. पोर झाली की आतून माया उचंबळून येते, असं तिला भेटलेल्या प्रत्येक बाईने सांगितलं होतं. तिने दवाखान्यात वाट बघितली, घरी येऊन बघितली, महिनाभर, दोन महिने बघितली. काही आलं नाही. दूध, आंघोळ, लंगोट, औषधाचे थेंब सगळं वेळच्या वेळी व्हायचं, त्यात कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती. पोर रडली की ती उठायची, हसली की बघायची. मन मात्र बधिर. त्याचं तिला वाईटसुद्धा वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचीच भीती वाटायची. गजांआड पोर आणि तिच्याकडे पाठ करून पुस्तकं शिवत बसलेली आई, हे बघून एखाद्या चाणाक्ष माणसाला सगळं कळेल, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

तेव्हापासून कवायत सुरू झाली. बेल खालच्या दाराशी होती आणि वर यायला एकोणीस पायऱ्या. बेल वाजली की सुई पुठ्ठ्यात खोचायची, पोर उचलून डाव्या कडेवर घ्यायची, उजव्या हाताने कठड्याची खिटी काढायची, घडी कपाटामागे सरकवायची आणि गादी पायाने टेबलाखाली लोटायची. हेडमास्तरांचे गुडघे म्हणजे चांगली दोन मिनिटं. ते आले की तिला केस सारखे करायलाही सवड मिळायची. कॉलेजच्या मुली प्रबंध घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत यायच्या, तेव्हा मात्र तारांबळ उडायची. दार उघडायचं तेव्हा पोर कडेवर, गालाला गाल लावून. माणूस गेला की उलटी कवायत, आणि ठकू परत गजांच्या आत.

बोलबाला व्हायला वेळ लागला नाही. बाइंडरीण पोर म्हणून खाली ठेवत नाही, एका हाताने पुस्तकं बांधते म्हणे. एका हाताने पुस्तक बांधणारा माणूस अजून जन्माला यायचाय, पण ऐकणाऱ्यांना त्याचं काय? हेडमास्तरसुद्धा पुढच्या खेपेला म्हणाले, आता कशी आई शोभतेस. तिने मान हलवली. बरं वाटलं म्हणावं, तर तसंही नाही. आजचं निभावलं, एवढंच वाटलं.

खरी परीक्षा सासूबाईंची होती. त्यांचं फोनवर एकच टुमणं: शाळेत जायची होईपर्यंत पोर माझ्याकडे द्या. इथे थोरल्या सुनेची दोन मुलं आहेत, अंगण आहे, माणसं आहेत. तुझ्या खोलीत आहे काय, कात्र्या. बोलणं चुकीचं नव्हतं, तीच तर पंचाईत. नवरा दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. तो म्हणाला, आई आठ दिवस येतेय, तिला बघू दे, मग ठरवू. बाइंडरणीला पोर द्यायची नव्हती. का द्यायची नाही, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. उद्या पोर गेली आणि तरीही आपल्याला काहीच वाटलं नाही, तर मग आपण कोण उरलो, एवढाच विचार तिच्या डोक्यात यायचा आणि तिथेच थांबायचा.

सासूबाई आल्या त्या पदर खोचूनच. दुसऱ्या दिवशी केर काढताना त्यांनी कपाट हलवलं आणि मागून कठडा निघाला. हे काय गं, त्यांनी विचारलं.

"पुठ्ठे वाळत घालायची चौकट आहे, आई," बाइंडरीण म्हणाली.

इतकं सहज खोटं बोलता येतं, हे तिला स्वतःलाच नवीन होतं. सासूबाईंना चौकट पसंत पडली. त्यांनी ती खिडकीशी उघडून उभी केली आणि तिच्यावर आपले धुतलेले टॉवेल वाळत घातले. ठकू रांगत तिथे गेली, गज धरून उभी राहिली आणि आत जायची वाट शोधत बसली. हिला पुठ्ठ्यांची भारी आवड दिसते, आईवर गेलीय, सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. बाइंडरणीने खळ ढवळत हं म्हटलं.

नातीला दिवसभर आजीची मांडी मिळाली. ठकूही खूश होती, आजीच्या बांगड्या मोजल्यासारख्या एकेक फिरवत बसायची. बाइंडरीण दुरून ते बघायची आणि तिला वाटायचं, झालं, ही चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. ठकूने बांगड्या सोडल्या, दोन्ही हात वर केले आणि आजीच्या मांडीवरून आईच्या दिशेने अशी झेपावली, की सासूबाईंनी धरली नसती तर पडलीच असती. बाइंडरणीने सवयीने तिला उचललं. तासाभराने पुन्हा बेल, पुन्हा तेच. मग रोजच. पोर पेंगत असो, चिडलेली असो, तोंडात घास असो, खाली बेल वाजली की हिचे दोन हात वर आणि तोंड आईकडे.

सासूबाई हे रोज बघत होत्या. आठव्या दिवशी पिशवीत टॉवेल भरता भरता त्या थांबल्या.

"खोटं कशाला बोलू, मी हिला न्यायच्या तयारीने आले होते," त्या म्हणाल्या. "पण कोणी परकं यायचं झालं, की ही तुझ्याकडे जीव टाकते. माझ्या मांडीवर बसलेली असूनसुद्धा. चार मुलं वाढवली मी. एकानेही माझ्याकडे अशी झेप घेतली नाही." त्यांनी पिशवीची चेन लावली. "राहू दे तुझ्यापाशीच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाइंडरणीच्या नव्हतं. तिने खाली वाकून नमस्कार केला आणि बरं, आई, एवढंच म्हणाली. पोर परक्याला घाबरत नाही, तिला फक्त बेलचा अर्थ कळलाय, हे सांगायला तिच्याजवळ जिना उतरेपर्यंत वेळ होता. एकोणीस पायऱ्या ती सासूबाईंच्या मागे गप्प उतरली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिने ठकूचा हात धरून हलवला.

वर येऊन तिने कठडा मांडला, गादी घातली, पोरीला आत ठेवलं आणि अडून राहिलेलं काम पुढे ओढलं. पहिला टाका घातला, दुसरा घातला. ठकू रडली नाही. आठ दिवस मांडीवर काढलेलं पोर एकदा तरी भोकाड पसरेल असं कोणालाही वाटलं असतं. ती गादीवर बसली, डबी उचलली आणि उघडझाप करायला लागली. दूध आणि आंघोळ सोडून आपण हिला बेल वाजल्याशिवाय शेवटचं कधी उचललं, हे बाइंडरीण आठवत राहिली. दिवस आठवेना. मग महिनाही आठवेना.

तिने सुई ठेवली, उठली आणि गजांवरून वाकून पोरीला उचललं. ठकू दचकली. डबी हातातून पडली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला, मान वळवली आणि दाराकडे बघायला लागली.

"कोणी नाही आलं गं," बाइंडरीण म्हणाली. "मीच आहे."

ठकूने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान दाराकडे नेली. बाइंडरणीला ते आत कुठेतरी दुखलं, आणि बघायला कोणी नसताना तिने पोरीच्या गालाला गाल लावला. तिने पोरीला खाली ठेवलं नाही. जिना शांत होता, दार बंद होतं, आणि ठकू तिच्या कडेवर बसून कोण येतंय याची वाट बघत होती.