आक्काच्या हातची भाकरी

६ नोव्हेंबर २०२३ रोजी कोन गावातल्या खानावळीत काचेची केबिन बसली. तिचं बिल ३८,४५० रुपये झालं. आत चूल, चुलीवर लोखंडी तवा, वर दोन पांढरे दिवे आणि बसायला पाट. कल्याण-भिवंडी रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच दिसावी अशा बेताने ती दर्शनी बाजूला घेतली होती. तिच्यात राहीबाईने बसायचं होतं.

या खानावळीचे हिशेब मी सुरुवातीपासून बघतो, त्यामुळे राहीबाईला मी बरीच वर्षं ओळखतो. मालक केसरीनाथ हा तिचा सख्खा धाकटा भाऊ. वडपे गावातली वडिलांची जमीन गोदामांसाठी द्यायची ठरली तेव्हा तिने हक्क सोडल्याची सही केली आणि रीतीप्रमाणे एक साडी घेऊन सासरी गेली. पुढे नवरा वारला. मूलबाळ नव्हतं, दिरांनी घराला कुलूप लावलं. केसरीनाथने तिला आणून खानावळीच्या मागची खोली दिली. भाकरी थापायची आणि राहायचं, एवढंच बोलणं झालं होतं. पगाराचा विषय निघाला नाही. सणाला तो तिच्या हातावर काही ठेवायचा. तवा सुटला तर खोली सुटेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भाकरी मात्र तिच्यासारखी आमच्या पट्ट्यात कुणाची नव्हती. उकड काढलेल्या पिठाचा गोळा ती परातीत टेकवायचीच नाही. पाण्याचा हात लावून दोन तळव्यांत घ्यायची आणि थापत थापत फिरवायची. गोळा बोटांवरून बोटांवर जात पातळ होत जायचा. त्या वेळी ती बहुधा खिडकीतून बाहेर बघत असे, किंवा मागे भांडी घासणाऱ्या गोदूशी भांडत असे. हाताकडे तिने कधी बघितलेलं मला आठवत नाही. खानावळीच्या पाटीवर केसरीनाथने तिच्या दोन तळव्यांचं चित्र काढून घेतलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘आक्काच्या हातची भाकरी’.

केबिन ही त्याचा मुलगा भाविक याची कल्पना. तो मोबाइल घेऊन काचेला चिकटायचा.

"आत्या, वर बघ ना. जरा हस. आता हळू थाप, हात दिसू दे."

राहीबाई पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. गिऱ्हाइकंही ताट सोडून काचेशी उभी राहायची. डिसेंबरात उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली. थापताना ती आपोआप तळव्याकडे दुमडायची आणि भाकरीला कडेला भोक पडायचं. मग करंगळीशेजारचं बोटही वळलं. जोर लावून सरळ करायला गेली की मनगट कडक व्हायचं.

"पीठ बिघडला असंल," केसरीनाथ म्हणाला.

"पीठ बरा हाय रे. बोटंच माझी आयकत न्हायत."

"बोटांना कान कधी फुटले गं, आक्का?" गोदू मागून म्हणाली, आणि वाढपी पोरं हसली.

मजा अशी की बाकी सगळं त्याच हाताने नीट होत होतं. बोंबील साफ करणं, सुईत दोरा ओवणं, वेणी घालणं. फक्त भाकरी थापायला हात उचलला की बोटं मिटत. कुणी नसताना कमी मिटत, काचेपलीकडे माणसं असली की मूठच होई. त्यावरून केसरीनाथने निष्कर्ष काढला की बाई नाटक करते आहे.

मी तिला कल्याणला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याकडून गाठी मारून घेतल्या, बटणं लावून घेतली आणि मग हवेतच भाकरी थापायला सांगितलं. तिने हात उचलले आणि समोर पीठही नसताना करंगळी वळली. डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. हाताच्या शिरा आणि स्नायू ठीक आहेत. मेंदूत प्रत्येक बोटाचा ताबा वेगवेगळा असतो. तीच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केली की कधी कधी हे ताबे एकमेकांत मिसळतात आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसऱ्यालाही पोचतो. धास्तीने ते वाढतं. शिवाय जे काम हात न बघता करतो, त्यावर नजर ठेवून ते करायला गेलं की आणखी बिघडतं. स्नायूत इंजेक्शनं देता येतात, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. तोवर तिला लोकांसमोर बसवू नका.

हे सगळं मी केसरीनाथला सांगितलं. गल्ल्यावर बसून त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे बिघाड डोक्यात हाय?"

"मेंदूत. डोकं फिरलंय असं नव्हे."

"साहेब, भाकरी थापायला डोका लागतो व्हय?"

इंजेक्शन झालं नाही. केबिनही हलली नाही. त्याऐवजी त्याला लहानपणची एक गोष्ट आठवली. कावीळ झाली तेव्हा आईने त्याला मनगटावर डाग दिला होता आणि तो बरा झाला होता. आमच्याकडे गावोगाव असे डाग दिलेली माणसं आहेत. सुई तापवतात, कुणी विळ्याचं टोक तापवतं. त्याने शीर सुटते असा समज आहे. डाग देणारा एक म्हातारा त्याने खाडीपलीकडून गाडीत घालून आणला.

राहीबाई चुलीशीच बसली होती. म्हाताऱ्याने विळा लाल होईपर्यंत निखाऱ्यात धरला.

"आक्का, नको तर नको म्हन," केसरीनाथ म्हणाला. "मग मना दुसरी बाय बघाया लागंल. आन् तिलाबी खोली लागंल."

"दे," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मनगटावर एकदा देऊन त्याने तिला थापायला लावलं, करंगळी वळलीच, म्हणून म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा दिला. भाविकने गाण्याचा आवाज वाढवला होता. कातडी विळ्याला चिकटून आली.

जखम चिघळली. पाणी लागू देऊ नका, असं मलमपट्टी करणाऱ्याने सांगितलं. पण भाकरी तर पाण्याच्या हाताचीच. तेव्हा केसरीनाथने तिला डॉक्टर घालतात तसले पातळ हातमोजे आणायला सांगितलं. "तू आन, मंग देतो पैशे." तिने औषधाच्या दुकानातून पाकीट आणलं, उजव्या हातात मोजा चढवला आणि गोळा घेतला. करंगळी सरळ राहिली.

तिने दुसरी भाकरी थापली, तिसरी थापली. मग ती रडायला लागली. गोदूही धावत आली आणि तिने त्या भाकऱ्या उचलून उजेडात धरल्या. जुन्या भाकरीसारख्याच कडेपर्यंत पातळ होत्या.

केसरीनाथने म्हाताऱ्याला कोंबडा पोचता केला. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोज्यामुळे कातडीकडून मेंदूला जाणारी जाणीव बदलते, मेंदूला ते काम वेगळं वाटतं आणि जुनी चूक तिथे येत नाही. काहींना असा उपयोग होतो. तो टिकेलच असं नाही, म्हणून चाललं आहे तसं चालू द्या, मोजा काढू नका.

उन्हाळ्याचे पहिले महिने राहीबाईचे चांगले गेले. काचेपलीकडे कुणी आहे की नाही याची तिला पर्वा उरली नव्हती. गोदूशी भांडणंही पुन्हा सुरू झाली. फक्त भाविकच्या व्हिडिओंखाली लोक लिहायला लागले. हातमोजे घालून कसली हातची भाकरी? बाईला कातडीचा रोग आहे का? केसरीनाथ ते मोठ्याने वाचून दाखवायचा.

अक्षय्य तृतीयेला त्याने वडप्याला दुसरी खानावळ उघडली. जागा वडिलांच्या त्याच जमिनीतली, गोदामांना देऊन उरलेली, पुढे गोदामं आणि ट्रकांची रांग. मंडप होता, बँजो होता, पाहुणे होते. काचेची केबिन इथेही होती, कोनच्या दुप्पट मोठी. पहिली भाकरी आक्काने थापायची होती.

"मोजा काढ, आक्का."

"राहू दे, नाथा. आजचा दिस राहू दे."

"डाग दिला ना तुला? बरा झाला ना हात?"

"मोजा हाय तवर बरा हाय. तुझ्या पाया पडते."

"लोकांना हातची भाकरी पायजे, पिशवीतली न्हाय." पाहुणे हसले. त्याने तिचं मनगट डागावरच पकडलं आणि एकेका बोटाचा मोजा ओढून काढला.

तिने गोळा घेतला. दोन थापांत मूठ मिटली. पीठ बोटांमधून बाहेर आलं. तिने डाव्या हाताने बोटं उलगडली आणि पुन्हा उचलला, तेव्हा सगळं मनगटच वाकडं झालं आणि गोळा राखेत पडला.

"सकाळीच घेतलीस काय गं?" केसरीनाथ मोठ्याने म्हणाला. मंडपभर हशा झाला. बँजोवाल्याने तिच्या हाताच्या झटक्यावर ताल धरला. भाविकने मोबाइल खाली घेतला नाही.

तो व्हिडिओ त्याच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त बघितला गेला. दुसऱ्या दिवसापासून लोक वडप्याला येऊन विचारू लागले, ती वाकड्या हाताची आक्का इथेच बसते का? टेबलं भरली. केसरीनाथ मला म्हणाला, "साहेब, बगा, नशीब कसा असतो." त्याने मोजे लपवले आणि गर्दी टिकली तोवर तिला रोज उघड्या हाताने केबिनमध्ये बसवलं. ती रोज बसली. पोरं काचेवर टकटक करून बोटं वाकडी करून दाखवत. खरी भाकरी मागच्या दाराने, गोदूच्या परातीतून येत होती.

"उठत का नाहीस?" मी तिला एकदा विचारलं.

"उठून जाऊ कुठं?" ती म्हणाली.

लोकांना कंटाळा आला तेव्हा तिला उठवलं. मोजे परत मिळाले, पण आता मोजा घालूनही मूठ मिटत होती. मी पुन्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फक्त विचारलं, किती दिवस उघड्या हाताने बसवली?

आता कोनच्या केबिनमध्ये गोदू बसते. ती परातीत थापते, पण गिऱ्हाइकांना फरक कळत नाही आणि तिलाही ती आक्काच म्हणतात. पाटीवरचे तळवे राहीबाईचेच आहेत. मागची खोली गोदूला मिळाली. राहीबाई वडप्याला भांडी घासते आणि कोठीत तांदळाच्या गोण्यांशेजारी झोपते. भांडी घासताना, लसूण सोलताना तिची पाचही बोटं व्यवस्थित उघडतात.

हातमोज्यांच्या पाकिटाचे १२० रुपये तिने सणाच्या पैशांतून दिले होते. ते केसरीनाथकडून अजून यायचे आहेत.