बाराव्या शेळीचं नाव

बबनभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंबीला एका कंपनीच्या गेटबाहेर पत्रकं वाटत होते. पत्रकाचं शीर्षक होतं, 'कॉइनच्या नावाने तुमच्या घामावर दरोडा'. खाली जाड टाइपात माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, 'तुम्ही मेल्यावर हे कुलूप कोण उघडणार?' पहिली पाळी सुटत होती, पोरं पत्रक घेऊन न वाचता खिशात कोंबत होती. फोनवर भाजे गावची, भाऊंच्या शेजारची बाई होती. "ताई, भाऊ गेलं. बंगल्यात झाडांना पानी घालीत व्हते, तितंच खाली बसले, आन्..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मी हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ते जाड टाइपातलं वाक्य मी जगासाठी लिहिलं नव्हतं. मी ते बबनभाऊंना उद्देशून लिहिलं होतं, त्यांना टोचावं म्हणून. उरलेली पत्रकं त्या दिवशी मी वाटली नाहीत.

भाऊ माझे नात्याने कोणी नव्हते. मी लोणावळ्याची, ते भाज्याचे. दोन खोल्यांचं घर, भावांबरोबर सामाईक असलेला जमिनीचा तुकडा, बारा शेळ्या आणि बायको हिरामावशी एवढा त्यांचा संसार. मूलबाळ नव्हतं. शनिवार-रविवारी मालक येतात तसल्या एका बंगल्याची राखण आणि बाग त्यांच्याकडे होती. आमची ओळख भांडणातूनच झाली. दामदुप्पट कॉइनवाल्यांची एक टोळी तेव्हा मावळात फिरत होती. हॉटेलात जेवण, पडद्यावर आलेख, कोट घातलेला एखादा गावातलाच जावई, आणि मग एके दिवशी सगळ्यांचे फोन बंद. आमची संघटना गावोगाव सभा घेत होती. भाज्याच्या देवळातही घेतली. अशा सभेत काय होतं ते मला पाठ झालंय. तरणी पोरं म्हणतात, ताई, पुढं सगळं जग ह्यावरच चालणार आहे. म्हातारे म्हणतात, जुगार आहे. बाया म्हणतात, आमाला न्हाई म्हाईत, मालकांना इचारा. आणि सभा संपली की तिन्ही गटांतलं कोणीतरी हळूच येऊन विचारतं, आता भाव काय चाललाय.

त्या सभेत मी अर्धा तास बोलले. शेवटी खांबाला टेकून बसलेला एक काटकुळा माणूस उठला. "ताई, तुजं पत्रक निम्मं खरं हाय."

"कुठलं निम्मं?"

"दुप्पट देतो म्हननारे चोर हायेत, ह्ये खरं. बाकीचं तू ऐकून लिव्हलंयस. माज्याकडं हाय थोडं. मला कुनी दुप्पट देतो म्हनला न्हाई."

मला तो अपमान वाटला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, कोविडच्या काळात बंगल्याच्या मालकाचा मुलगा तिथे राहिला होता, त्याने जुना फोन देऊन हे शिकवलं. तेव्हापासून पगारातले थोडेथोडे भाऊ त्यात टाकत होते. म्हणजे माझ्यासमोर फसलेला माणूस नव्हता, समजून-उमजून घेणारा होता. मला फसलेला माणूस हवा होता. म्हणून मी माझं हुकमी शस्त्र काढलं. ह्या कॉइनला बँक नसते, कचेरी नसते. मालकाला बारा इंग्रजी शब्द मिळतात, ठरलेल्या क्रमाने. तीच किल्ली. शब्द विसरले तर सगळं गेलं, दुसऱ्याला कळले तरी सगळं गेलं. मी म्हणाले, "भाऊ, तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. कागदावर लिहून ठेवलेत तर कोणीतरी पळवणार. उद्या तुम्ही गेलात, तर ते बारा शब्द कोण सांगणार?" हे मी भरसभेत विचारलं, समोर हिरामावशी बसलेली असताना.

भाऊंनी मान खाजवली. म्हणाले, "शेळ्यांना इचार."

देऊळभर हशा पिकला. मीही जिंकल्यासारखी हसले. उत्तर नसलं की माणूस विनोद करतो, असं मी सोबतच्या पोरांना परतताना सांगितलं, आणि पुढच्या पत्रकात तो प्रश्न जाड टाइपात छापला.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले, त्यांचं मन वळवायला. मला दारात पाहिलं की ते आत ओरडत, "हिरे, पत्रक आलं गं. चहा टाक." मला त्यांनी शेवटपर्यंत त्याच नावाने हाक मारली. शेळीच्या दुधाचा दाट चहा प्यायचा, तासभर भांडायचं, आणि शेळ्या यायच्या वेळी गप्प बसायचं, कारण तेव्हा तिथे वेगळाच कार्यक्रम असे. घराच्या पाठीमागे खोपटात बारा खुंटे ओळीत ठोकलेले. मावशी दारात उभी राहून एकेकीला हाक मारी, आणि ती ती शेळी आपापल्या खुंट्याकडे जाई. "जाकीट, ये गं. टायगर. लेमन. तिकीट. बोट..." टायगर ही त्या कळपातली सगळ्यात भित्री शेळी होती, कोंबडी फडफडली तरी मावशीच्या लुगड्यामागे लपायची. मी हसून हसून बेजार व्हायची.

"भाऊ, शेळीचं नाव जाकीट?"

"मग काय ठिवू, शालू? थंडीत तिला मिठी मारून बग, मग कळंल."

"आणि तिकीट?"

"ती बिगर तिकिटाची कुटंबी शिरती."

वरच्या डोंगरातली लेणी बघायला आलेले लोक वाट चुकून खाली आले की फोटो काढून जात. गाव म्हणे, बंगल्यात राहून बबन साहेब झाला, शेळ्यांशी इंग्रजी बोलतो. एखादी शेळी विकली की तिच्या जागी आलेलीला तेच नाव मिळे. माझ्या डोळ्यांदेखत तीन लेमन होऊन गेल्या. बाराव्या खुंट्याच्या शेळीला मात्र हाक नव्हती. मावशी तिच्यापाशी जाऊन वाके, कान धरी, ओठ हलवी. मी विचारलं तर म्हणाली, "लाजाळू हाय ती. तिचं नाव कानात सांगावं लागतंय."

मला काही कळलं नाही. बारा खुंटे मी मोजले होते. बारा शब्दांवर मी दोन वर्षं भाषणं ठोकत होते. तरी मला कळलं नाही.

एकदाच भाऊ मनातलं बोलले. खोपटाच्या कुडाला नवी पेंढी बांधत होते, मी टोक धरलं होतं. म्हणाले, त्यांची एक आत्या होती, लवकर रांडपण आलेली, माहेरी राहणारी. जमिनीच्या कागदावर तिचं नाव होतं, म्हणून घरात तिच्या शब्दाला मान होता. एके वर्षी नवा उतारा काढला, त्यात तिचं नाव नव्हतं. कोणी गाळलं, कधी गाळलं, कळलं नाही. "दुसऱ्या दिशीपासनं तिला भाकरी घालताना वाडनाऱ्याचा हात बदलला, पोरी. मी ल्हान व्हतो, पन त्यो हात मी बगितलाय... त्या बंगल्यातल्या पोरानं सांगितलं, ह्या कॉइनच्या वहीत एकदा लिव्हलेलं कुनाला खोडता येत न्हाई, भावाला न्हाई, सायबाला न्हाई. मला भाव-बिव कळत न्हाई. मला तेवडं ऐकून बरं वाटलं."

मी नेहमीसारखी फणकारले. बाईचा हक्क कायद्यात आहे, नाव गाळलं तर अर्ज करता येतो, लढता येतं, मी लढेन, आमची संघटना लढेल. ही वही खोडता येत नसेल, पण भाव रात्रीतून निम्मा होतो त्याचं काय? ज्या गरिबाकडे दुसरं काही नाही त्याने असल्या जत्रेतल्या पाळण्यात बसायचं का?

त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि म्हणाले, "लढ की. तू लढशील ह्ये मला म्हाईत हाय. पन तवर तिनं काय खायाचं?"

शेवटची भेट त्यांच्या मृत्यूआधी आठवडाभराची. नवं पत्रक दाखवायला गेले होते. त्यांनी ते मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं, बोट ठेवून, अडखळत. त्या जाड ओळीपाशी थांबले. "ह्ये अजून हायेच व्हय?" मी म्हणाले, तुम्ही उत्तर देईपर्यंत राहणार. "दिलंय की," ते म्हणाले. मी चिडले. म्हणाले, मस्करी पुरे, मावशीचा विचार करा. असं म्हणून चहा अर्धा टाकून निघाले... ते दारापर्यंत आले, "पत्रक, चहा राहिला," म्हणाले. मी मागे वळले नाही. हे लिहून टाकते, कारण लपवण्यात अर्थ नाही.

तेराव्याला गेले तर अंगणात भाऊंचा धाकटा भाऊ एका शेळ्यांच्या व्यापाऱ्याला घेऊन बसला होता. वहिनी एकटी, तिला कशाला हा व्याप, सगळ्या एकदम देऊन टाकू, पैसे माझ्याकडे ठेवतो, असं त्याचं चाललं होतं. अगदी गोड बोलत होता. ताटं वाढली जात होती, आणि मावशीच्या पानात भाकरी टाकणाऱ्या जावेचा हात मी पाहिला. खोटं सांगत नाही, मला तो बदललेला दिसला. संध्याकाळ होत आली होती. व्यापारी म्हणाला, एकदा जनावरं बघू द्या. मावशी उठली, खोपटाच्या दारात उभी राहिली आणि नेहमीच्या ओळीने हाका मारू लागली. "जाकीट. टायगर. लेमन. तिकीट. बोट. विंटर..." मी सवयीने मोजत होते. अकरा झाल्या. मावशी बाराव्या शेळीपाशी गेली, वाकली, कान धरला.

आणि मला देवळातला हशा ऐकू आला. शेळ्यांना इचार.

मी धावतच तिच्याजवळ गेले. म्हणाले, मावशी, ह्या विकू नका, एकही विकू नका, तुम्हाला माहीत नाही ह्या नावांत काय आहे. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या सगळ्या पत्रकांची लाज वाटली.

"मला म्हाईत न्हाई? पोरी, मला लिव्हता येत न्हाई, कागूद संबाळता येत न्हाई, आन् घरात कुनाचा हात कुटं जाईल सांगता येत न्हाई. म्हनून त्यांनी माज्या तोंडात ठिवलं. रोज सांजला म्हनायचं, इसरायचंच न्हाई. शेळी इकली तरी नाव घरात ऱ्हातंय. तुला सांगितलं व्हतं की त्यांनी, सगळ्या गावापुढं."

मग तिने व्यापाऱ्याला सांगितलं, औंदाची दोन बोकडं ने, शेळ्या न्हाई. आणि दिराला म्हणाली, भाऊजी, चहा घ्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी दार लावून बसलो. भाऊंचा फोन कधीच बंद पडला होता, पण शब्द असले की कुठलाही फोन चालतो. माझा घेतला. ज्या गोष्टीविरुद्ध घसा फोडला ती मी माझ्याच फोनमध्ये उतरवली. मावशी सांगत होती, मी इंग्रजीत टाइप करत होते. फोन चुकीचा शब्द घेतच नाही. 'येलवेट' म्हणजे व्हेल्वेट, हे कळायला अर्धा तास गेला, तोही नवव्या शेळीच्या मऊ पाठीवरून मावशीने हात फिरवून दाखवला तेव्हा. बाराव्या शब्दाला ती थांबली. दार लावलेलं होतं, घरात तिसरं कोणी नव्हतं. तरी तिने माझा कान धरला, ओढून जवळ घेतला आणि सांगितलं.

कुलूप उघडलं.

किती निघाले, हे मला फोन करकरून विचारणाऱ्यांना मी सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. एवढंच सांगते की कोणापुढे हात पसरायला लागणार नाही, इतकं होतं. मावशीने निम्मं मोडून स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात घातलं, कर भरला, वारस म्हणून भाचीचं नाव लावलं. उरलेलं मोडू दिलं नाही. "त्यांचं हाय. असू दे." ते नव्या बारा शब्दांच्या कुलपात हलवलं आहे, आणि ते शब्द कुठे आहेत हे मला माहीत नाही, विचारलेलंही नाही. म्हणूनच जुनी नावं इथे लिहू शकले. तीही मावशीला विचारून.

माझं मत बदललं का? नाही. दामदुप्पटवाले चोर आहेत, आणि वर-खाली होणाऱ्या किमतीच्या पाळण्यावर म्हातारपण टांगणं मला आजही भीतीदायक वाटतं. भाऊंचं साधलं म्हणून सगळ्यांचं साधेल असं जो म्हणेल त्याच्याशी मी आजही भांडेन. उद्या सगळा व्यवहार ह्यावर होईल की हे सगळं विरून जाईल, मला ठाऊक नाही. पण ज्या बाईचं नाव कागदावरून गळू शकतं, तिला न गळणारी वही हवीशी वाटते, यात तिचा लोभ नसतो. तिच्या शहाणपणावर हसायचा मला अधिकार नव्हता. जमिनीवर मावशीचं नाव लागावं म्हणून वारसनोंदीचा अर्ज मी दिलाय, तारखांना जाते, भांडते. लढेन म्हणाले होते. पत्रकाची नवी आवृत्तीही काढली. त्यातली ती ओळ काढून टाकली.

परवा संध्याकाळी भाज्याला गेले होते. मावशीने चहा टाकला. मी पूर्ण प्यायले. मग ती खोपटाच्या दारात उभी राहिली. जाकीट आली, टायगर कोंबडीला वळसा घालून आली, लेमन चौथी का पाचवी ते आता मीही विसरलेय. ही नावं आता कुठलंच कुलूप उघडत नाहीत. त्या फक्त शेळ्या आहेत, पाल्यासाठी मान वर करणाऱ्या. अकरा हाका झाल्या. मावशी बाराव्या खुंट्यापाशी गेली, वाकली, आणि तो कान हळूच हातात घेतला.

मला ते नाव माहीत आहे. तरी मी तोंड फिरवलं आणि तिचं सांगून होईपर्यंत अंगणाकडे बघत उभी राहिले.