कुठल्या बाजूला पडलास?

अख्ख्या मावळात पडण्याचा माझ्या आत्याइतका आदर करणारे दुसरे कोणी नसेल. मी सायकल शिकताना तिने न सांगता मागचा हात सोडला आणि मी भाताच्या खाचरात गेलो, तेव्हा लागले का, हे तिने विचारले नाही. "कुठल्या बाजूला पडलास?" एवढेच विचारले. दूध तापवतानाही ती गॅसच्या बटणावर हात ठेवून बजावते, "उशिरा आणि जोरात फिरवलं की बिघडतं. लवकर आणि थोडंसं फिरवावं." तोवर दूध ओट्यावर आलेले असते.

आंबीजवळच्या एका कॉलेजात ती कंट्रोल इंजिनीअरिंग, म्हणजे यंत्राला आपली चूक मोजून स्वतःच सावरायला लावण्याची विद्या, शिकवत असे. महागडी यंत्रे कपाटात कुलूपबंद राहतात, हे पाहून तिने लोणावळ्याच्या दुकानांतून चिक्कीचे रिकामे डबे गोळा केले, त्यांना खेळण्यातल्या मोटारी, दोन चाके आणि कल ओळखणारा स्वस्त सेन्सर बसवला आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या हाती एकेक रोबो दिला. त्याने दोन चाकांवर उभे राहायचे. तो पडू लागला की मुलांनी हात पाठीमागे बांधायचे, बाजू पाहायची, चाके किती फिरवायची तो प्रोग्राममधला आकडा बदलायचा.

पुढे हा विषय फक्त संगणकाच्या पडद्यावर शिकवावा, असे कॉलेजात घाटू लागले. "एक तरी डबा मिनिटभर उभा राहिलेला दाखवा, नाहीतर सगळे उचला," प्राचार्य म्हणाले. नवलाख उंबरे गावच्या एका मुलीचा रोबो त्यांच्या टेबलावर ठेवला गेला. तो डुलला, कलला आणि आत्याने झडप घालून धरला. मुलीचे हात पाठीमागेच होते.

"मॅडम, हात काढा की! पडू द्या त्याला. बाजू कळल्याबिगर आकडा कसा बदलू मी?"

आत्याने हात काढला. डबा प्राचार्यांच्या चहात पडला.

"सरांच्या बाजूला," मुलीने शांतपणे सांगितले, डबा पुसला, आकडा बदलला. या खेपेला तो मिनिटभर उभा राहिला. डबे कॉलेजात राहिले. हा प्रसंग आत्या सगळ्यांना सांगते. आपण झडप घातली, तेवढे गाळते.

आता ती निवृत्त आहे. गेल्या महिन्यात लोणावळा स्टेशनच्या पुलावरून उतरताना तिचा तोल गेला. माझा हात पुढे गेला आणि सवयीने अर्ध्यावर थांबला.

"कुठल्या बाजूला?" मी विचारले.

"ते मागाहून सांगते," ती म्हणाली. "आधी धर."

मी धरले. रिकाम्या डब्याइतकेच वजन होते.