दुपारी उघडी बाग

लाभुबा खोळी शिवायची. कापड बाजारातून किलोवर चिंध्या आणायच्या, जोडून गोधड्यांच्या खोळी करायच्या आणि रविवारी नदीकाठच्या बाजारात विकायच्या. नवरा मगनभाई गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो वर्षभर नुसता वर पत्र्याकडे बघत पडून राहिला. तेव्हापासून लाभुबाचं मशीन थांबलं नाही. नवरा गेला, मुलगा दिनेश टेम्पो चालवायला लागला, सून हीना आली, नात पिनल दहा वर्षांची झाली, मशीन चालूच. चाळीतल्या बायका तिला जरा वचकून असत. दिनेश आईला बा म्हणायचा. तो सांगायचा, ‘‘आमच्या बाच्या कानात एकच दोष आहे. नाही म्हटलेलं ऐकू येत नाही.’’

अहमदाबादच्या पूर्वेला, जुन्या गिरणीच्या भिंतीला चिकटून त्यांची चाळ. पत्र्याची छपरं, डोक्यापासून दोन हातांवर. मे महिन्यात दुपारी पाण्याच्या माठाशेजारी बसलं तरी झळ लागायची. सुट्ट्या लागल्या आणि पिनल एक दिवस फुरंगटून आली. तिच्या वर्गातली एक मुलगी वॉटरपार्कला जाऊन आली होती.

‘‘तिकीट किती?’’ लाभुबानं विचारलं.

‘‘आठशे.’’

‘‘सगळ्या घराचं?’’

‘‘एकाचं, बा!’’

‘‘आठशे रुपये देऊन भिजायचं? त्यापेक्षा नळाखाली बस.’’

‘‘नळाला पाणी कुठंय?’’ पिनल म्हणाली.

त्याच आठवड्यात जशी नावाच्या शेजारणीचा तीन वर्षांचा कानो भरदुपारी घरातल्या घरात निपचित पडला. डोळे पांढरे केले. ओल्या फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेला, रात्री उशिरा वाचला म्हणून सांगितलं. डॉक्टर जशीला म्हणाले, मुलाला गार जागी ठेवा. जशी घरी येऊन लाभुबासमोर रडली, ‘‘गार जागा कुठून आणू, बा? शिवून देतेस?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी लाभुबानं मशीन कापडानं झाकून ठेवलं. ‘‘आजपासून दुपारी मी ह्या खोलीत बसणार नाही. आणि चाळीतलं एकही पोर बसू देणार नाही.’’

‘‘मग कुठं बसणार?’’ हीनानं विचारलं.

‘‘शेठच्या बागेत.’’

‘‘बाग अकराला बंद होते, बा. चारला उघडते.’’

‘‘ज्या वेळी लागते त्या वेळी बंद? मग ती बाग काय उंदरांसाठी आहे?’’

बाग कुण्या जुन्या गिरणीमालकाच्या ट्रस्टची होती, चाळीपासून दहा मिनिटांवर. आत कडुनिंब, चिंच, दोन वड आणि एक भलंमोठं रायणीचं, म्हणजे खिरणीचं झाड. लाभुबा दहा वाजता निघाली. बरोबर हीना, जशी, आणखी तीन बाया आणि चौदा पोरं. डोक्यावर बाजरीच्या ढेबऱ्यांचा डबा, कैरीच्या गोड छुंद्याची बरणी, कांदे, आणि कळशीभर छास, पातळ ताक. रायणीखाली पिकलेल्या पिवळ्या फळांचा सडा पडला होता. पोरांनी आधी पोटं भरली, मग खिसे. कानोच्या तोंडाला चीक लागून ओठ चिकटले, तेव्हा तो महिन्याभरात पहिल्यांदा हसला.

अकराला शिट्टी वाजली. चौकीदार रणजितसिंह काठी आपटत आला. ‘‘चला, चला, टाइम झाला.’’

‘‘कसला टाइम, बापू?’’

‘‘बंद करायचा. ट्रस्टचा नियम आहे. दुपारी इथं जोडपी येऊन बसतात.’’

लाभुबानं स्वतःकडे बघितलं. ‘‘मला विधवा होऊन पंधरा वर्षं झाली. माझ्याबरोबर कोण येऊन बसणार? तू बसतोस?’’

बायांनी तोंडाला पदर लावले. रणजितसिंह लालबुंद झाला. ‘‘मी कुलूप लावून जाईन! मग चारपर्यंत अडकून राहाल!’’

‘‘लाव की. तेवढ्यासाठीच आलोय.’’

त्यानं खरंच कुलूप लावलं. बाहेर डांबर वितळत होतं. आत चौदा पोरं सावलीत पळापळी खेळत होती. जेवून बाया आडव्या झाल्या. कानोला कुशीत घेऊन जशी इतकी गाढ झोपली की चारला कुलूप उघडलं तरी जागी झाली नाही. रणजितसिंहानं तिला उठवलं नाही. नुसता काठी हातात धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं आली. तिसऱ्या दिवशी मात्र बागेच्या दारात स्वतः ट्रस्टचे व्यवस्थापक अनंतराय उभे होते आणि बरोबर दोन हवालदार.

‘‘माँजी, ही खाजगी जागा आहे. बाहेर व्हा, नाहीतर तक्रार लिहावी लागेल.’’

दिनेश टेम्पो थांबवून धावत आला होता. ‘‘बा, चल घरी. पोलिसांशी कशाला? आपली लाज निघते.’’

‘‘पोर पत्र्याखाली भाजतं तेव्हा लाज नाही निघत?’’ लाभुबा म्हणाली. मग अनंतरायांकडे वळली. ‘‘साहेब, तुमची कचेरी किती वाजता बंद होते?’’

‘‘सहाला. का?’’

‘‘दुपारी उघडी असते?’’

‘‘असणारच.’’

‘‘बरं झालं.’’ तिनं डबा डोक्यावर घेतला. ‘‘चला रे पोरांनो.’’

कचेरी रस्त्यापलीकडेच होती. संगमरवरी फरशी, दोन कूलर, लोकांना बसायला बाकं आणि थंड पाण्याची टाकी. बाया फरशीवर बसल्या. पोरं कूलरपुढे तोंडं उघडून आवाज काढायला लागली. कुणीतरी बाकांखालून आगगाडी सुरू केली. कारकुनानं हटकलं तेव्हा लाभुबा म्हणाली, ‘‘अर्ज द्यायला आलोय. लिहिता येत नाही. कुणी मोकळं होईल तोवर बसतो.’’

बारा वाजले, एक वाजला. ढेबऱ्यांचे डबे उघडले. छुंद्याचा वास आतल्या खोलीपर्यंत गेला. कानोनं फरशीवर शू केली. फोनवर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. हवालदार दाराशी उभे होते. त्यातला एक छास पीत होता. कारकुनानं त्याला सगळ्यांना उठवायला सांगितलं तर म्हणाला, ‘‘साहेब, अर्जाला आलेल्या माणसाला कुठल्या कलमाखाली उठवू?’’

अडीच वाजता अनंतराय बाहेर आले. घामानं डबडबलेले. ‘‘काय पाहिजे तुम्हाला?’’

‘‘बाग. अकरा ते चार. पाऊस पडेपर्यंत.’’

‘‘ठीक आहे, सांगतो चौकीदाराला.’’

‘‘सांगू नका. लिहा.’’

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. लाभुबानं कागद पिनलच्या हातात दिला. ‘‘मोठ्यानं वाच.’’

पिनल अडखळत वाचायला लागली. ‘‘...चाळीतील रहिवाशांना दुपारी फेरफटका मारण्यास परवानगी...’’

‘‘थांब. फेरफटका? पंचेचाळीस डिग्रीत फेरफटका कोण मारतं, साहेब? बसणं, झोपणं, खाणं, खेळणं. चारही लिहा.’’

अनंतरायांनी कागद परत घेतला. मग पुन्हा खुर्चीवर बसले आणि चारही शब्द लिहिले.

आठवड्याभरानं बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोन चाळी आल्या, पुढच्या वस्तीतले विणकर आले, पुरुष पत्ते घेऊन आले. कुणाच्या डब्यात खिचडी, कुणाच्या भजी. फुकटची सहल म्हणून लांबून बसनं माणसं यायला लागली. दिनेशही आला, आईशी न बोलता चिंचेखाली उपडा झोपला आणि चारपर्यंत घोरला. समोरच्या सोसायटीतल्या एक बाई नाक मुरडून म्हणाल्या, ‘‘जत्रा करून टाकली बागेची.’’

‘‘जत्राच आहे, बेन,’’ लाभुबा म्हणाली. ‘‘उन्हात कशाला उभ्या? या, सरकते मी.’’

बाई आल्या नाहीत. त्यांची दोन्ही मुलं मात्र रायणीखाली आली होती.

जूनच्या सुरुवातीला अनंतराय एका फोटोग्राफरला घेऊन आले. ट्रस्टनं कडक उन्हाळ्यात गोरगरिबांसाठी बाग खुली केली, असं छापायचं होतं. ‘‘लाभुबेन, जरा उठून हात जोडा. आभार मानताय असं दिसू दे.’’

लाभुबा खोडाला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, मांडीवर अर्धी शिवलेली खोळ, सुई दातांत. तिनं सुई काढली.

‘‘फोटो काढायचा असला तर काढा. उठणार नाही मी. कागदावर बसणं लिहिलंय.’’

फोटोग्राफरनं अनंतरायांकडे बघितलं. अनंतरायांनी खांदे पाडले आणि मान हलवली. फोटो निघाला तेव्हा लाभुबा खाली बघून सुईत दोरा ओवत होती.