फोटो तेवढे आले

फोनवर सुधाकरचंच नाव दिसलं, म्हणून उचलताच मी ओरडले, "काहून गा, कालपासून फोन नाही उचलून राहिला? माझा कॉम्प्युटर अडला ना!" पलीकडून भाचा म्हणाला, "आत्या, मी बोलून राहिलो. बाबा गेले."

सुधाकर माझा धाकटा भाऊ. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर बसने माझ्याकडे लकडगंजला यायचा, मला कॉम्प्युटर शिकवायला. माझी शाळा लवकर सुटली, पण शिकायची हौस भारी! माउसला तो हातच लावू द्यायचा नाही. काळा पडदा उघडायचा आणि म्हणायचा, "कमांड लिही, ताई. हा तारा म्हणजे कोणीही. टिंबापुढे जेपीजी, म्हणजे फोटो. नाव काही असो, टिंबापुढचं आडनाव जुळलं की तेवढेच उचलून या फोल्डरातून त्या फोल्डरात." मी म्हटलं, "म्हणजे आडनाव पाहून पंगत!" "हो वं, अन् बाकीचे उपाशी." तो गेला की मी सगळं विसरायची, म्हणून आपल्या आवाजात धडे भरून ठेवले होते त्याने माझ्या कॉम्प्युटरमध्ये. शिकवता शिकवता मध्येच खोकायचा, मध्येच "आधी चाय ठेव" म्हणायचा...

दिवाळीनंतर कॉम्प्युटर फारच रखडायला लागला. सगळं पुसून नव्यानं बसवू, म्हणाला. त्याआधी कमांड लिहून फोटो तेवढे नव्या डिस्कवर घेतले. नावं झरझर सरकली. मी विचारलं, "अन् तुह्ये धडे?"

"कशाले पाहिजे ते बडबड? मी आहो ना! फोन कर मले." आणि पुसून टाकलं.

तेरवीनंतर भाच्यानं कॉम्प्युटर दुकानात नेऊन दाखवला. त्याच जागेवर नवं लिहिलं गेलं, आता काही निघत नाही, असं सांगितलं त्यांनी. डिस्कवर फोटो आहेत. त्यांत आम्ही सगळे आहोत, सुधाकर तेवढा नाही. फोटो काढणारा तोच ना...

आता चहा झाला की मी ती डिस्क लावून बसते. फोटोंबरोबर एखादा धडा चुकून आला असेल, असं आपलं वाटतं. कमांड लिहिते : तारा, टिंब, एमपीथ्री, म्हणजे आवाज. पडद्यावर येतं, शून्य फाइली कॉपी झाल्या. माझंच काही चुकलं असेल, म्हणून बोट ठेवून एकेक अक्षर तपासते. एकही चुकलेलं नसतं. शिकवलंच तसं होतं त्यानं.